आतड्यातले जिवाणू कोणाचे ऐकतात, भाकरीचे की मैदानाचे?

शिळी भाकरी (लातूर)
मैदानाला पाच फेऱ्या मारून लगेच गाड्यावर चहात खारी बुडवणारी आमची मंडळी सध्या ‘व्यायामाने पोटातले जिवाणू सुधारतात’ असे ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. ज्वारी-तुरीतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यांच्यावरच जगतात. पळण्याने हा चारा कोठून येणार? २०१४ साली आयर्लंडच्या व्यावसायिक रग्बीपटूंमध्ये जिवाणूंचे अधिक प्रकार आढळले हे खरे, पण ते प्रथिनेही इतरांपेक्षा पुष्कळ जास्त खात होते.

गोदाकाठ (नांदेड)
आपण सोयीचे तेवढेच उदाहरण घेतलेत. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ३२ बैठ्या माणसांनी, आहार न बदलता, आठवड्यातून तीनदा अर्धा ते एक तास असा सहा आठवडे व्यायाम केला, आणि सडपातळ व्यक्तींमध्ये ब्युटिरेट वाढले.

शिळी भाकरी
स्थूल व्यक्तींमध्ये ते तसे वाढले नाही, आणि पुढचे सहा आठवडे पुन्हा बैठे गेल्यावर बहुतेक बदल ओसरले, हेही त्याच अभ्यासात आहे.

गोदाकाठ
ओसरण्याचा नियम ताटालाही लागू आहे. निव्वळ प्राणिज आहारावर ठेवलेल्या स्वयंसेवकांचे जिवाणू दोन-चार दिवसांत बदलले आणि नेहमीचे जेवण सुरू होताच जवळपास तितक्याच वेगाने पूर्वपदावर आले. मग केवळ व्यायामालाच तात्पुरता का म्हणावे?

येळवस (धाराशिव)
दोघेही तंतूंवर अडला आहात. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात जिवाणूंचे वैविध्य आंबवलेल्या पदार्थांनी वाढले. नुसते तंतू वाढवणाऱ्या गटात सरासरी वाढ दिसली नाही. आपल्या आंबिलीला मी त्याच पंक्तीत बसवतो, एका अटीवर. आमच्याकडे येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी ज्वारीचे पीठ भिजवतात, ते आंबले की शिजवतात, तेव्हा त्यातले जिवाणू मरतात. जिवंत जिवाणू येतात ते गार झाल्यावर घातलेल्या ताकातून. घाईत गरम आंबिलीतच ताक ओतले, तर चव राहील, जिवाणू मात्र राहणार नाहीत.

शिळी भाकरी
ताकाचा मुद्दा मान्य, आणि सडपातळ माणसांपुरता गोदाकाठ यांचाही. खारीबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेत नाही.