गरोदरपणात लघवीत जंतू सापडले, त्रास मात्र काहीच नाही. प्रतिजैविक घ्यावे का?

प्रश्न

मला पाचवा महिना चालू आहे. नेहमीच्या तपासणीत लघवीची कल्चर केली असता ई. कोलाय हे जंतू दर मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक आढळले असून अहवालाच्या तळाशी 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असा शेरा आहे. जळजळ, ताप, पाठदुखी यांपैकी काहीही नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरंटॉइनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. सासूबाईंच्या मते त्रासच नसेल तर औषध कशाला, बार्लीचे पाणी पुरे. नणंदबाईंकडे सेफिक्झिमच्या गोळ्या शिल्लक आहेत, त्या 'सौम्य' म्हणून घ्याव्यात असेही सुचवले गेले. उलट अहवालात मेरोपेनेमपुढे 'एस' लिहिलेले पाहून, इतके प्रभावी औषध असताना साध्या गोळ्या का, असा प्रश्न मला पडला आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते)

ताई, सेफिक्झिम तेवढे घेऊ नका. ईएसबीएल म्हणजे जंतूने तयार केलेले असे विकर (एन्झाइम), जे पेनिसिलिन गटातील बहुतेक औषधांचे आणि सेफिक्झिमसारख्या तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनांचे रेणूच फोडून टाकते. त्या गोळ्यांनी हा जंतू मरणार नाही. आतड्यातले निरुपद्रवी जंतू मात्र मरतील आणि प्रतिरोधक जंतूंना मोकळे रान मिळेल. सेफिक्झिम 2014 पासून लागू झालेल्या 'एच-1' यादीत आहे, म्हणजे औषधविक्रेत्याने ते चिठ्ठीशिवाय देता कामा नये आणि विक्रीची नोंदही ठेवली पाहिजे. घरातल्या उरलेल्या पाकिटाला हा कायदा पोहोचत नाही, हीच अडचण.

'एस' या अक्षराचा अर्थ एवढाच की नेहमीच्या मात्रेत ते औषध या जंतूवर चालेल अशी अपेक्षा आहे. कोणते औषध सरस, हे त्यावरून ठरत नाही. मेरोपेनेम शिरेतून द्यावे लागते आणि ते गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायचे असते. नायट्रोफ्युरंटॉइन रक्तात फारसे साठत नाही, लघवीत मात्र भरपूर उतरते. मूत्राशयातल्या जंतूंसाठी नेमके तेच हवे असते.

उत्तर २ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

सासूबाईंची शंका एरवी रास्त ठरली असती. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या लघवीत त्रासाविना जंतू सापडले, तर सहसा औषध देत नाहीत. मधुमेही किंवा वयस्कर स्त्रियांनाही नाही. गरोदरपण हा त्याला ठळक अपवाद आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजवीकडे, दाब देते, लघवी तुंबते आणि जंतूंना मूत्रपिंडापर्यंत चढणे सोपे जाते. तेथे संसर्ग झाला तर थंडी वाजून ताप, उलट्या, रुग्णालयात दाखल होणे, प्रसंगी रक्तात जंतू पसरणे आणि अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होणे, इथवर गोष्ट जाऊ शकते. पाणी अवश्य प्या, पण एवढी जंतुसंख्या बार्लीच्या पाण्याने जाईल यावर विसंबू नका.

नायट्रोफ्युरंटॉइनच्या गोळ्या दिवस भरत आल्यावर टाळतात, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्या आईलाही त्या देत नाहीत. पाचव्या महिन्यात ही निवड योग्यच वाटते. कोर्स संपल्यावर साधारण एकदोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करून घ्या. मध्येच ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर याच गोळ्या चालू ठेवून वाट पाहू नका. मूत्रपिंडाच्या ऊतीत त्या पुरेशा पोहोचत नाहीत.

उत्तर ३ (वाचक)

हा धोका थोडा फुगवून सांगितला जात नाही ना? उपचार न केल्यास शेकडा 20 ते 30 जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, हा आकडा बऱ्याच जुन्या अभ्यासांतला आहे. नेदरलँड्समधील 2015 च्या अभ्यासात उपचार न झालेल्या गटात हे प्रमाण शेकडा 2.4 एवढेच निघाले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंधही दिसला नाही.

उत्तर २ (पुन्हा)

आक्षेप योग्य आहे. मात्र त्या स्त्रिया कमी जोखमीच्या होत्या, आणि तरीही जंतू नसलेल्या स्त्रियांत तेच प्रमाण शेकडा 0.6 होते. ईएसबीएल जंतू मूत्रपिंडात पोहोचला, तर गोळ्यांवर भागण्याची शक्यता कमी होऊन बहुधा शिरेतून औषध द्यावे लागते; म्हणून आज छोटा कोर्स देण्याकडे माझा कल आहे.

पण गरोदरपणात प्रतिजैविक दिले की भलेच होते, असे मी मुळीच म्हणत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ओरॅकल चाचण्यांत, वेळेआधी पाणी गेलेल्या स्त्रियांना को-अॅमॉक्सिक्लॅव हे प्रतिजैविक दिल्यावर बाळांमध्ये आतड्याचा एक घातक दाह वाढलेला दिसला. पाणी न जाता केवळ वेळेआधी कळा आलेल्यांना प्रतिजैविकांचा उपयोग झाला नाहीच, उलट सात वर्षांनी केलेल्या पाहणीत त्यांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराचे) प्रमाण अधिक आढळले.

प्रश्नकर्ती

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. गोळ्या आजच सुरू करते. या जंतूचा बाळंतपणाच्या वेळी काही संबंध येतो का?

उत्तर १

येऊ शकतो. लघवी स्वच्छ झाली तरी हे जंतू आतड्यात महिनोन्महिने राहू शकतात. त्यांच्यासाठी वेगळे औषध घ्यायचे नसते, परंतु हा अहवाल फाईलमध्ये सर्वांत वर लावा. प्रसूतीच्या वेळी तुम्हाला ताप आला किंवा बाळाला संसर्गाची शंका आली, तर नवी कल्चर येईपर्यंत दोनतीन दिवस जातात. त्या काळात कोणते औषध सुरू करायचे, हे बालरोगतज्ज्ञांना या कागदावरून ठरवता येईल.