इतिहास सोवळ्यात ठेवला की मालिका निर्जीव होते

धरमपेठ:
आपल्या नागपूरकरांच्या या गटात काल एका सदस्याने लिहिले की, दूरदर्शनवरील ऐतिहासिक मालिकांना कंटाळवाणे म्हणणारे लोक खासगी वाहिन्यांच्या भडकपणाला सोकावलेले आहेत आणि घरातील तीन पिढ्या एकत्र बसून पाहू शकतात एवढे गुण त्या मालिकांना पुरेसे आहेत. हे मला अजिबात मान्य नाही. रानावनात दिवस काढलेल्या सरदाराच्या अंगरख्याची इस्त्री मोडत नाही, समईच्या उजेडातील खलबतात कोणाच्याही चेहऱ्यावर सावली पडत नाही आणि प्रत्येक जण समोरच्या माणसाशी न बोलता थेट आपल्याला उपदेश करतो. याच दूरदर्शनने 1988 मध्ये ‘तमस’ दाखवली. ती थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. फाळणीच्या दंगली दाखवणारी ती मालिका आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळूनच पाहिली होती.

प्रतापनगर (कालचा लेखक):
1988 मध्ये खासगी वाहिन्याच नव्हत्या, त्यामुळे लोक समोर येईल ते पाहत होते. माझे सासरे अंथरुणाला खिळलेले असताना 2022 मधील दूरदर्शनच्या ‘स्वराज’ या स्वातंत्र्यलढ्यावरच्या मालिकेचे भाग त्यांनी आवर्जून पाहिले आणि कधी न ऐकलेल्या वीरांविषयी नातवंडांना सांगितले. 75 भागांच्या त्या मालिकेने आमच्या घराला जे दिले, ते तुमच्या सावल्यांच्या हिशेबात बसणार नाही.

महाल:
आपण दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही. ऐतिहासिक मालिका म्हटली की पुणे आणि सातारा. नागपूरचे राजे भोसले जणू झालेच नाहीत. नोव्हेंबर 1817 मध्ये येथल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) टेकडीवर त्यांची इंग्रजांशी लढाई झाली, 1853 मध्ये राजे तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, हत्ती-घोड्यांपासून जडजवाहिरापर्यंत सारे लिलावात निघाले. माझ्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी यातले काहीच कोठे पाहायला मिळाले नाही. विदर्भाच्या वाट्याला नेहमी उपेक्षाच का यावी?

धरमपेठ:
जरूर दाखवा, पण मग 1742 पासूनच्या भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्याही दाखवा. लहानपणी आम्ही रेल्वेच्या वसाहतीत राहत होतो आणि शेजारच्या बंगाली काकू बाळाला झोपवताना बर्गींची भीती घालणारे गाणे म्हणत असत. ते बर्गी म्हणजे आपल्याच नागपूरचे स्वार, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

महाल:
आपल्याच पूर्वजांना लुटारू ठरवण्यात आपल्याला कसला आनंद मिळतो, हे मला खरोखर कळत नाही. त्या फौजेचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी बोलावून 1744 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने दगा देऊन मारले, हे त्या काकूंच्या गाण्यात होते का?

धरमपेठ:
नव्हते, आणि म्हणूनच मालिकेत दोन्ही हवे. गावे लुटणारी फौज आणि दग्याने मारला जाणारा तिचा सेनापती एकाच कथेत आले, तर प्रेक्षकाला कोणाची बाजू घ्यावी हे स्वतः ठरवावे लागेल. आज ते ठरवण्याची वेळच येत नाही, कारण आपला माणूस पहिल्या भागापासून निर्दोष असतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या राणी बाकाबाईंचेच पाहा: 1817 मध्ये इंग्रजांशी लढलेल्या आप्पासाहेब भोसल्यांच्या विरोधात त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या, पुढे त्याच इंग्रजांनी त्यांच्या डोळ्यांदेखत राज्य गिळले आणि तरीही 1857 मध्ये त्या इंग्रजांशीच एकनिष्ठ राहिल्या. ही बाई साध्वी म्हणून रंगवाल, तर हाती काय उरेल?

प्रतापनगर:
बाकाबाईंवर मालिका आली तर मी पाहीन, एवढे मान्य करतो. मात्र नातवंडे शेजारी बसलेली असताना कत्तली पाहण्याची सक्ती मी सहन करणार नाही.

धरमपेठ:
कत्तल पडद्यावर दाखवा असे मी कोठेही म्हटलेले नाही. ती कोणाच्या आज्ञेने झाली, हे नातवंडांनी विचारले तर उत्तर देण्याची आपली तयारी आहे का, एवढेच विचारतो.

महाल:
माझी तयारी आहे. पण आधी मालिका नागपूरवर निघू द्या.