ट्रस्टच्या हॉलला प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट मिळते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात आमचा एक छोटा पब्लिक ट्रस्ट आहे, वरती देऊळ आणि खाली हॉल, हॉलमध्ये रोज मुलांची फ्री अभ्यासिका चालते आणि सुट्टीच्या दिवशी साखरपुडा, बारसं असलं काही असेल तर भाड्याने देतो, त्याच पैशातून अभ्यासिकेचं लाइट बिल, पुस्तकं सगळं निघतं. आता बिल आलंय ते पूर्ण हॉलला कमर्शियल धरून.

मी वाचलंय त्याप्रमाणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठीच वापरलेल्या जागेला, किंवा जागेच्या तेवढ्या भागाला, प्रॉपर्टी टॅक्समधल्या सामान्य करातून सूट आहे. देऊळ, मशीद, चर्च सगळ्यांना सारखंच. पाणीपट्टी वगैरे भरावीच लागते, ते ठीक आहे. पण भाडं घेतलं की सूट जाते, आणि ते भाडं धर्मादाय कामालाच वापरलं तर काय, इथे सगळे वेगवेगळं सांगतात.

इन्कम टॅक्सचं १२एबी (धर्मादाय ट्रस्ट म्हणून) रजिस्ट्रेशन आहे, ८५ टक्के उत्पन्न कामावर खर्च करतो, ऑडिट होतं. नावापुरते ट्रस्ट काढून धंदा करणाऱ्यांना सूट नकोच, माझंही स्पष्ट मत आहे. पण ज्या हॉलमध्ये चाळीतली पोरं दहावीचा अभ्यास करतात त्याला मंगल कार्यालयाचा रेट लावणं मला अजिबात पटत नाही.

कुणी असा अर्ज केलाय का? हिशोब कसा जोडला, आणि बिल अंडर प्रोटेस्ट, म्हणजे मान्य नाही असं लिहून, भरून मग अपील करायचं की आधी हरकत घ्यायची? ठाणे, नवी मुंबईतला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.