‘परपेच्युअल प्रोफेशन’ला मराठीत काय म्हणावं?

खिळेजुळारी (कोल्हापूर)
शाहूपुरीत आमचा लहानसा छापखाना आहे. परवा एक काका पत्रिका छापायला घेऊन आले. पुतणी कॅथलिक सिस्टर होतेय, मोठा विधी आहे, गावाकडच्या पाहुण्यांसाठी मराठी पत्रिका हवी. इंग्रजीत होतं ‘परपेच्युअल प्रोफेशन’. त्यांच्या पोरानं मोबाईलवर भाषांतर करून आणलेलं, ‘कायमस्वरूपी व्यवसाय समारंभ’. मी वाचून गप्प बसलो, पण आमचा कामावरचा मुलगा म्हणालाच, “काका, दुकान कशाचं काढलंय?” काका हसले म्हणून निभावलं.
‘दीक्षा समारंभ’ घालू का? आणि ‘सिस्टर’चं काय करायचं? शेजारच्या वहिनींना ही पत्रिका सिस्टरची म्हटलं, तर त्यांनी विचारलं, “सीपीआरला लागली व्हय?” (सीपीआर म्हणजे आमचा इथला सरकारी दवाखाना.)

अक्षरओळख
मोबाईलचा पूर्ण दोष नाही दादा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ चारचौघांत उघडपणे सांगणे. इंग्रजीत ‘प्रोफेशन’ म्हणजे आधी मठात घेतलेल्या व्रतांचा जाहीर उच्चार. वकील-डॉक्टरांचा पेशा हा अर्थ मागून आला. काकांना हवी होती आजी, मोबाईलनं नातू पुढं केला.
‘शपथविधी’ मात्र नको, डोळ्यांपुढं राजभवन येतं. बायबलच्या मराठीत ‘नवस’ आहे, पण आपल्याकडं नवसाला अट असते: हे झालं तर ते करीन. इथं अटच नाही. ‘व्रत’ घ्या.

वसईचा वारा
आमच्याकडे वसईच्या कॅथलिकांत ‘प्रथम व्रते’ आणि ‘अंतिम व्रते’ म्हणतात. पत्रिकेत ‘धर्मभगिनी’ छापतात, घरात सगळे सिस्टरच म्हणतात.
‘दीक्षा’ला माझी हरकत आहे. तो शब्द ऐकला की वाटतं सकाळी घर सोडलं, दुपारी संन्यास. प्रत्यक्षात मुलगी आधी नुसती राहून बघते, मग पोस्ट्युलंट (प्रवेश मागणारी), मग नॉव्हिस (व्रतांआधी शिकणारी). नॉव्हिशिएटला, म्हणजे या शिकायच्या काळाला, वय किमान १७ लागतं आणि ते किमान १२ महिन्यांचं. त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर ते धरलंच जात नाही. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं, तीही मुदतीची, साधारण तीन ते सहा वर्षांची, फार तर नऊपर्यंत वाढवतात. आयुष्यभराची व्रतं त्यानंतर, वय किमान २१. पुतणीच्या पत्रिकेत ‘परपेच्युअल’ आहे म्हणजे ती या शेवटच्या पायरीवर पोचली. एवढ्या वर्षांना एका ‘दीक्षे’त कोंबू नका.

अक्षरओळख
‘नॉव्हिस’मधला ‘नोव्हुस’ आणि आपला ‘नव’ एकाच घरातले. ‘नवशिकी’ म्हणवत नाही, ‘नवसाधिका’ बरा वाटतो. ‘पोस्ट्युलंट’ म्हणजे मागणी करणारी, तिला ‘प्रवेशार्थिनी’ म्हणता येईल.
दारिद्र्य मला टोचतं. दारिद्र्य नशिबी येतं, ते कुणी मागून घेत नाही. स्वखुशीनं घेतलेल्याला आपल्याकडं ‘अपरिग्रह’, म्हणजे काही साठवून न ठेवणं, हा शब्द आहे.

हातकणंगलेकर
तो आमचा शब्द, खुशाल घ्या! दिगंबर जैनांत बाई आधी ब्रह्मचारिणी, मग क्षुल्लिका, मग आर्यिका म्हणजे पूर्ण साध्वी. प्रत्येक पायरीला वेगळं नाव. कुंभोजच्या बाहुबली तीर्थावर हे लहानपणापासून बघतोय, त्यामुळं वसईकरांचं पायऱ्यांचं म्हणणं चटकन पटलं. पण म्हणून त्या सिस्टरला ‘आर्यिका’ म्हणू नका. एकाच पांढऱ्या साडीवर राहणं, केशलोच (हातानं केस उपटणं), हातावर एक वेळ आहार असं बरंच त्या शब्दात आहे. पायऱ्या सारख्या, घर वेगळं.

पंचगंगा घाट
एक सांगायचं राहतंय. आमच्या आजीनं ‘पोरगी देवाला वाहिली’ म्हटलं असतं. हे चुकूनही पत्रिकेत घालू नका. आपल्या भागात ‘देवाला वाहणं, सोडणं’ म्हटलं की जोगतीण आठवते. लहान पोरीला न विचारता सोडायचे, आणि ते मोडायला शाहू महाराजांना १९२० साली कायदा करावा लागला. कॅथलिक नियम नेमका उलटा: जबरदस्तीनं किंवा भीती घालून घेतलेलं व्रत ग्राह्यच नाही. कर्ता मुलगीच पाहिजे. ‘व्रत घेणार आहे’, ‘वाहिली’ नव्हे.
आणि कोल्हापुरात शब्द नाही याचं नवल नको. इथलं ख्रिस्ती बोलणं बरंचसं अमेरिकन प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट मिशनच्या हाताखाली घडलं. त्यांच्यात नन नाहीतच, शब्द कुठून येणार? ‘कॉन्व्हेंट’ आला, त्याचीही आपण इंग्रजी शाळा केली.

खिळेजुळारी
मग ‘नन’ आणि ‘सिस्टर’ एकच ना?

वसईचा वारा
बोलण्यात एकच. काटेकोर अर्थानं नन म्हणजे मठाच्या आवारातच राहून प्रार्थना करणारी, तिला ‘मठवासिनी’ म्हणा. शाळेत शिकवणारी, दवाखान्यात राबणारी ती सिस्टर. मठवासिनींची वाट आणखी लांब. २०१८च्या रोमच्या नियमांप्रमाणे अंतिम व्रतांआधी किमान नऊ वर्षं. काकांना विचारा, मुलगी काय करते?

खिळेजुळारी
विचारलं. शाळेत शिकवते. म्हणजे सिस्टर.
मजकूर असा धरला: ‘आमची पुतणी धर्मभगिनी म्हणून अंतिम व्रते घेणार आहे, तरी या अंतिम व्रतविधीस अगत्य येणेचे करावे.’ काकांना ‘अंतिम’ जरा खटकला, अंत्यविधीसारखा वाटतो म्हणाले. तिथं ‘आजीवन’ केला.
प्रूफ पास झालं, प्लेटला जाणार, तेवढ्यात काकू आल्या आणि नावावर बोट ठेवलं. आमच्या पत्रिकेच्या तयार साच्यातलं ‘चि. सौ. कां.’ तसंच राहिलं होतं. सौभाग्यकांक्षिणी! तिथं आता नुसतं ‘सि.’ टाकलंय.