सामने सुरू असताना बेसबॉलचा सराव कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा असून माझा धाकटा भाऊ महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू, आहे. हंगाम सुरू झाल्यापासून सामने, एसटीचा रात्रीचा प्रवास आणि दुखरा खांदा यांतच आठवडा संपतो. १८.४४ मीटरवरून टाकलेला त्याचा चेंडू पाचव्या डावानंतर हमखास उंच जातो, कारण थकल्यावर त्याचे पुढचे पाऊल आखूड पडते, हे मोबाइलवरील चित्रीकरणात मला स्पष्ट दिसले. ‘टाकत राहा, सुधारेल’ हा त्याला मिळणारा सल्ला मला तरी पटत नाही. चेंडूऐवजी हातात टॉवेल धरून केवळ हालचालीचा सराव सामन्याच्या आदल्या दिवशी करावा की दुसऱ्या दिवशी? टाकलेले चेंडू मोजून विश्रांती ठरवणाऱ्यांनी आपला आठवडा कसा आखला, ते कृपया सविस्तर कळवावे.