स्वतःच्या घरात राहण्यासाठी ‘तयारी’ची अट असावी का?

उंबरठा

शारीरिक अपंगत्व असलेली प्रौढ व्यक्ती पालकांचे घर किंवा संस्था सोडून स्वतःच्या घरी राहू इच्छिते, तेव्हा तिच्यासमोर सहसा ठरावीक टप्पे मांडले जातात. आधी पुनर्वसन केंद्र, मग प्रशिक्षणगृह, मग देखरेखीखालचे सामायिक घर, आणि ‘आता तयार आहे’ असा शेरा तज्ज्ञांनी दिल्यानंतरच स्वतःच्या घराची किल्ली. माझे स्पष्ट मत आहे की ही अट काढून टाकायला हवी. घर आणि मदतनीस आधी मिळावेत, आणि जे शिकायचे ते तिथे राहता राहता शिकावे.

पहिले कारण व्यवहाराचे आहे. व्हीलचेअरवरून पलंगावर सरकण्याचेच घ्या. खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक घट्ट करायचे, पलंगाकडचा हातटेका काढून ठेवायचा, सरकण्यासाठीच्या गुळगुळीत फळीचे एक टोक मांडीखाली आणि दुसरे गादीवर पक्के बसवायचे, मग डोके एका बाजूला झुकवत कंबर विरुद्ध बाजूला न्यायची. प्रशिक्षणगृहातला पलंग खुर्चीच्या बैठकीइतकाच उंच असतो आणि दोन्ही बाजूंना खुर्ची वळवायला जागा असते. घरचा पलंग चार बोटे उंच निघतो, गादी मऊ निघते, आणि ज्या बाजूने सरकायची सवय झाली त्याच बाजूला भिंत असते. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्याचे हात चालत नाहीत, तो ‘स्वतः आंघोळ करतो का’ या कसोटीला आयुष्यभर उतरणार नाही. मग त्याने कायम प्रतीक्षेतच राहायचे का? अपंगांच्या हक्कांसाठी लढलेले अमेरिकेतील कार्यकर्ते एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर लुळे पडले. श्वासासाठी त्यांना लोखंडी फुप्फुसाचा, म्हणजे शरीर आत ठेवून श्वास चालवणाऱ्या अवजड यंत्राचा, आधार घ्यावा लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाने त्यांना नोकरीसाठी अक्षम ठरवले होते. तरीही १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले, १९७२ मध्ये तिथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ हे अपंग व्यक्तींनीच चालवलेले मदतकेंद्र उभे राहिले, आणि १९७५ मध्ये त्याच पुनर्वसन विभागाच्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली. कपडे स्वतः घालता येईपर्यंत थांबा, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते आयुष्यभर थांबूनच राहिले असते.

निशिगंध

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींबरोबर मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून काम करते, आणि आपल्या मताशी मी सहमत नाही. तयारी म्हणजे आंघोळ आणि कपडे, असे आपण धरून चालला आहात. आमच्या लेखी तयारी म्हणजे जीव सांभाळणे. संवेदना नसलेल्या भागावर एकाच जागी दाब राहिला, तर तिथली त्वचा आणि खालचे मांस मरू लागते, आणि दुखत नसल्यामुळे ते कळतही नाही. रोज आरशात माकडहाड आणि टाचा पाहणे, लाल डागावर बोट दाबून तो फिका पडतो का ते तपासणे, बसल्या जागी दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगाचा भार हलवणे, हे सगळे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर लघवीसाठी बसवलेल्या कॅथेटरच्या नळीला पडलेली एखादी घडीसुद्धा रक्तदाब एकाएकी जीवघेण्या पातळीवर नेऊ शकते. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. अशा वेळी त्या व्यक्तीला ताबडतोब उठवून बसवायचे असते, घट्ट कपडे सैल करायचे असतात आणि नळी तपासायची असते. हे ठाऊक नसलेला मदतनीस तिला आडवी करील आणि पाय उंच करील, कारण अस्वस्थ वाटणाऱ्या माणसाला आडवे करायचे एवढेच त्याला माहीत असते.

आणि रॉबर्ट्स यांचेच उदाहरण घ्यायचे, तर लोखंडी फुप्फुसाचे वजन वसतिगृहाला पेलणारे नव्हते म्हणून ते विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात राहत होते. तो मधला टप्पाच होता.

वाटसरू

माझी मुलगी बत्तीस वर्षांची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे. तिची बुद्धी, तिचे निर्णय यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तिने कोणतीही परीक्षा द्यावी असे मला वाटत नाही. माझा प्रश्न रात्रीचा आहे. अशा चर्चांमध्ये सगळे दिवसाबद्दल बोलतात. रात्री कूस बदलण्यासाठी तिला उठवावे लागते, पांघरूण तोंडावर आले तर ते तिला नेहमी बाजूला करता येत नाही, आणि फोन हातातून निसटून खाली पडला की मदत मागण्याचा मार्गच संपतो. रात्रपाळीचा मदतनीस आलाच नाही, तर उत्तर कोणी द्यायचे? हे लेखी ठरल्याशिवाय ‘आधी घर’ हे मला मान्य नाही.

मुक्काम

माझी इजा मानेची आहे आणि मी मदतनीसांच्या साहाय्याने स्वतःच्या घरी राहतो. निशिगंधताई, आपण लिहिलेला प्रत्येक धोका खरा आहे, पण त्यातून माझा निष्कर्ष आपल्या उलट निघतो. केंद्रात माझ्या शरीराबद्दलची सगळी माहिती कर्मचाऱ्यांकडे होती. मी गप्प बसायचो आणि मला उचलले जायचे. घरी पहिला मदतनीस समोर उभा राहिला, तेव्हा ‘आधी डावा पाय, एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली, आता हळू’ असे क्रमाने सांगायचे असते, हेच मला माहीत नव्हते. माणूस कसा निवडायचा, कामाचे तास कसे ठरवायचे, उशीर झाला तर कसे बोलायचे, एखादे काम माझ्या पद्धतीनेच हवे हे न भांडता कसे सांगायचे, यांतले काहीही मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नाही. ते मला शिकवले माझ्यासारख्याच व्हीलचेअरवर असलेल्या एका स्नेह्याने, आणि तेही माझ्या घरी, माझ्या स्वयंपाकघरात बसून.

मदतनीस बदलत राहतात. मी मात्र तोच राहतो. म्हणून नळीचे आणि रक्तदाबाचे ज्ञान सर्वांत आधी मला द्या. डोके ठणकत असतानाही ‘मला बसवा, नळी बघा’ एवढे मी सांगू शकतो, आणि बोलणेच अशक्य झाले तर तीच सूचना खुर्चीच्या पाठीला लावलेल्या कार्डावर असते. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात (२००६) कलम १९ आहे. कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे इतरांच्या बरोबरीने निवडण्याचा हक्क ते देते, आणि विशिष्ट व्यवस्थेतच राहण्याची सक्ती नाकारते. या कलमावर करार समितीने २०१७ मध्ये जे भाष्य केले, त्यात स्वातंत्र्य म्हणजे रोजची कामे स्वतःच्या हातांनी करता येणे एवढेच नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे.

शांतरस

करार कागदावर असतो, मदतनीस मात्र पैशावर येतो. ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तींना मदतनीसासाठी पैसे देणारा, १९८८ पासून चाललेला ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ २०१५ मध्ये बंद करण्यात आला. त्याच्या भरवशावर ज्यांनी आयुष्याची घडी बसवली होती, त्यांना नव्या दारावर नव्याने गरज सिद्ध करावी लागली. जे कौशल्य माणसाच्या अंगात आहे ते कोणतेही सरकार काढून घेऊ शकत नाही, म्हणून जितके कमावता येईल तितके आधी कमवावे, असे मी म्हणेन.

आणखी एक बाजू इथे आलीच नाही. प्रौढ माणसाला रोज हातांनी उचलणाऱ्या मदतनीसाच्या पाठीचे काय? केंद्रात उचलण्याचे यंत्र असते. घरी ते नसेल, तर एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याच्या मणक्याने मोजली जाते.

उंबरठा

उचलण्याच्या यंत्राचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. यंत्र घराबरोबरच यायला हवे. निधीबाबत मात्र उलट दिसते. मानेखाली हालचाल नसलेल्या व्यक्तीने कितीही सराव केला तरी निधी गेल्यावर तिचे हात चालू लागणार नाहीत. तिला हवा आहे कायद्याने बांधलेला हक्क, जसा स्वीडनने वैयक्तिक मदतनीसासाठी १९९४ पासून अमलात आणला.

कॉवेलबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तिथे राहणाऱ्या रॉबर्ट्स यांचा वर्गात बसण्याचा हक्क कोणत्याही कौशल्यचाचणीवर अवलंबून नव्हता. त्या वॉर्डात आणखी विद्यार्थी आले. पुढे त्यांतल्या काहींना बाहेर काढण्याची भाषा पुनर्वसन विभागाकडून झाली, तेव्हा बाकीचे एकत्र येऊन त्याविरुद्ध उभे राहिले. बाहेर राहायचे तर मदतनीस आणि खुर्चीची दुरुस्ती या दोन गोष्टी हाताशी हव्यात, हे त्यांनीच ओळखले आणि त्यातून विद्यापीठातील अपंग विद्यार्थ्यांचा कार्यक्रम उभा राहिला.

वाटसरूताई, आपला रात्रीचा प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न वाटतो. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेल्या ‘फोकस’ योजनेत साध्या इमारतींमध्ये सुलभ सदनिका विखुरलेल्या असत आणि चोवीस तास हाकेला येणारे कर्मचारी सामायिक असत. रात्रीपुरती अशी व्यवस्था उपयोगी पडू शकेल. आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पालक असताना, हळूहळू, चुका दुरुस्त करत झालेले स्थलांतर आणि पालक गेल्यानंतरच्या आठवड्यात नातेवाइकांनी घाईने शोधलेली संस्था, यांत फार मोठे अंतर आहे.

मुक्काम

‘फोकस’ची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मदत सदनिकेला बांधलेली होती. घर बदलले की मदत सुटली, आणि कोणत्या वेळी कोण येणार हे राहणाऱ्याच्या हातात नव्हते. वैयक्तिक मदतनीसाची मागणी याच अनुभवातून जोर धरू लागली. रात्रीसाठी सामायिक सेवा मला चालेल, पण सकाळी कोणी हात लावायचा हे मीच ठरवणार. वाटसरूताई, आपल्या मुलीचे यावर काय म्हणणे आहे?

निशिगंध

त्वचेची तपासणी आणि रक्तदाबाचा धोका हे दोन विषय रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी शिकवलेच पाहिजेत, यावरून मी हटणार नाही. पण ते शिकवायला काही आठवडे पुरतात. त्यासाठी वर्षानुवर्षे प्रशिक्षणगृहात ठेवण्याचे समर्थन मी करणार नाही. पलंगाचा मुद्दा मला पटला आहे. सरकण्याचा सराव घरच्या पलंगावरच व्हावा आणि त्यासाठी उपचारतज्ज्ञाने घरी जावे. मात्र ज्याची इजा ताजी आहे आणि ज्याचे मन अजून त्या धक्क्यातच आहे, त्याच्या हाती पहिल्याच महिन्यात किल्ली देणे म्हणजे त्याला एकटे सोडणे होय, असे मी आजही म्हणेन.

वाटसरू

मुक्काम, आपला प्रश्न वाचून हा सगळा धागा मी मुलीला वाचायला दिला. सामायिक रात्रसेवा तिला मान्य आहे. मात्र हाक देण्याची कळ डोक्याने दाबता येईल अशी, उशीजवळ पक्की बसवलेली हवी, असे ती म्हणाली. मदतनीसांच्या मुलाखती तिला स्वतः घ्यायच्या आहेत आणि त्या वेळी मी खोलीत नसावे अशी तिची अट आहे. ती मी मान्य केली आहे. रात्री न आलेल्या मदतनीसाच्या जागी कोण येणार, त्याचे नाव आणि क्रमांक कागदावर येईपर्यंत माझा विरोध कायम आहे, हे मी तिलाही सांगितले आहे.