प्रॉव्हिन्सटाऊनच्या धक्क्यावरचं नाटकघर: आता तिथे काय बघायला मिळतं?

रानजाई
जुलैत आई-बाबा आमच्याकडे बॉस्टनजवळ येतायत. आई सांगलीची, लग्नाआधी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली. व्हेल दाखवायला नेण्यापेक्षा नाटकाचं काही दाखवलं तर जास्त खूश होईल. केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाऊनमध्ये, मासळीच्या शेडमध्ये, अमेरिकन नाटककार युजीन ओनीलचं थिएटर होतं असं ऐकलंय. ते अजून उभं आहे का? आणि त्यामागची गोष्ट कुणी नीट सांगेल का? "असं म्हणतात" एवढ्यावर आईचं भागत नाही.

तिसरी_घंटा
उभं नाही. ते ज्या लुईस धक्क्यावर होतं, तो १९२० च्या दशकातच समुद्रात गेला. कमर्शियल स्ट्रीटच्या पूर्वेकडच्या टोकाला जागेची खूण म्हणून एक पाटी आहे, तेवढीच.

आणि ते ओनीलचं थिएटर नव्हतं. यावर मी मंडळाच्या तालमींत भांडलोय, इथेही भांडतो.

ते उभं केलं जॉर्ज क्रॅम कुक (सगळे त्याला 'जिग' म्हणत) आणि त्याची बायको सुझन ग्लास्पेल यांनी, मित्रमंडळींच्या जोरावर. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधले लेखक, चित्रकार, पत्रकार या पोर्तुगीज कोळ्यांच्या गावात उन्हाळा काढायला यायचे. १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि पॅरिसला जाणारेही इकडे वळले. या नवरा-बायकोने फ्रॉइडच्या खुळाची टर उडवणारी 'सप्रेस्ड डिझायर्स' ही एकांकिका लिहिली होती. न्यूयॉर्कच्या एका नाट्यसंस्थेने ती परत केली. मग १५ जुलै १९१५ ला हचिन्स हॅपगुड आणि नीथ बॉइस या जोडप्याच्या घरीच प्रयोग लावला. आधी बॉइसबाईंची एकांकिका व्हरांड्यात, प्रेक्षक आत खोलीत, नटांच्या मागे खराखुरा समुद्र. ती संपल्यावर अदलाबदल: प्रेक्षक व्हरांड्यात, नाटक खोलीत. नेपथ्याचा खर्च किती आला असेल बघा!

प्रयोग गाजला, घर पुरेना. मेरी हीटन व्होर्स या लेखिकेच्या मालकीचा एक जुना धक्का होता, त्यावर मासळीची शेड. जाळी, नांगर, मोडक्या होड्या बाहेर काढून तिथे रंगमंच घातला, जेमतेम दहा फूट बाय बारा फूट. मागचं मोठं दार सरकवलं की पडद्याऐवजी बंदर दिसायचं. बसायला लाकडी बाकं, पाठ टेकायची सोय नाही.

पुढच्या वर्षी ओनील आला. तोवर त्याचं एकही नाटक रंगमंचावर आलेलं नव्हतं. २८ जुलै १९१६ ला 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' झालं. जहाजाच्या पोटातली खलाशांची कोंदट खोली, बंकवर मरायला टेकलेला यँक, शेजारी त्याचा दोस्त. यँकचं काम केलं जिग कुकने. ओनील स्वतः सेकंड मेट (बोटीवरचा एक अधिकारी), वाक्य एकच. नाटकात धुकं आहे आणि त्या रात्री बंदरावरही धुकं होतं, फळ्यांखाली भरतीचं पाणी. पण मला त्या धुक्यापेक्षा दहा बाय बाराचं अप्रूप जास्त. बोटीवरची खोली तेवढीच असते! मोठ्या स्टेजवर तेच नाटक हरवलं असतं.

दोन आठवड्यांच्या आत ग्लास्पेलचं 'ट्रायफल्स' आलं. कुकने तिला न विचारता जाहीर करून टाकलं होतं की पुढचं नाटक ती लिहिणार. मग बाई रिकाम्या शेडमध्ये बाकावर बसून स्टेजकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिथे तिला एक स्वयंपाकघर दिसायला लागलं. तरुणपणी आयोवात वार्ताहर असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाच्या बातम्या दिल्या होत्या, आरोप त्याच्या बायकोवर होता. नाटकात आरोपी मिनी राईट रंगमंचावर येतच नाही. पुरुष वरच्या मजल्यावर, कोठारात पुरावे शोधत फिरतात. खाली दोन बायकांना शिवणाच्या पेटीत मान पिरगळलेली कॅनरी सापडते आणि त्या एकमेकींकडे बघून ती लपवतात. माझ्या मते त्या शेडमधलं सर्वांत पक्कं नाटक हेच, कार्डिफ त्याच्या मागे.

धक्क्यावरचे हंगाम दोनच, १९१५ आणि १९१६. लोकांना वाटतं तिथे वर्षानुवर्षं नाटकं चालली असतील. सप्टेंबर १९१६ मध्ये रीतसर संस्था केली, 'प्रॉव्हिन्सटाऊन प्लेयर्स', आणि बिऱ्हाड न्यूयॉर्कला मॅकडूगल स्ट्रीटवर हललं. धोरण: अमेरिकन लेखकांची नवीन नाटकं करायची आणि लेखकाने तालमीत हजर राहायचं. १९२० मध्ये ओनीलच्या 'एम्परर जोन्स'साठी कुकने रंगमंचामागे आकाश म्हणून हट्टाने प्लास्टरचा घुमट बांधला, तिजोरी जवळजवळ रिकामी केली. नाटक तुफान चाललं, ब्रॉडवेवर गेलं, आणि हौशी मंडळींची मोट सुटली. कुक १९२२ ला ग्रीसला निघून गेला, १९२४ मध्ये डेल्फीला वारला. ओनीलला १९३६ चं नोबेल मिळालं. ग्लास्पेललाही १९३१ चं पुलित्झर मिळालं, पण पर्यटकांना तिचं नाव सांगावं लागतं.

खाडीपलीकडे
वरचं उत्तर छान. मात्र आईंना चालू नाटक बघायचं असेल तर केप कॉडवरच डेनिस गावातलं केप प्लेहाउस बघा. १९२७ मध्ये रेमंड मूरने एक जुनं प्रार्थनाघर तिथे आणून सुरू केलं. बेट डेव्हिस प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायची ती इथेच. तेव्हा ब्रॉडवेची नाट्यगृहं उन्हाळ्यात उकाड्याने बंद पडायची, एसी नव्हते, मग नट मंडळी समुद्राकाठी कामं शोधत यायची. म्हणून न्यू इंग्लंडभर असली उन्हाळी थिएटरं दिसतात. प्रॉव्हिन्सटाऊनला बॉस्टनहून फेरीने जा, दीड तास. जुलैत शनिवारी गाडीने जायचा विचार करू नका, पुलावरच दुपार होते.

रानजाई
आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ओनीलला तिने बाजूला ठेवलं. प्रश्न दोन: 'ट्रायफल्स'मध्ये बायकांची कामं कुणी केली, आणि सांगलीत तिच्या महिला मंडळाला करायचं असेल तर हक्क कुणाकडे मागायचे?

तिसरी_घंटा
वा, आई कामाच्या आहेत. त्या दोन बायकांपैकी मिसेस हेल झाली खुद्द ग्लास्पेल, आणि मिस्टर हेलचं काम कुकने केलं. हक्क मागायला नकोत. बाई १९४८ मध्ये गेल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, तेव्हा मूळ नाटक केव्हाच खुलं झालंय. फक्त कुणाचं आधीचं मराठी रूपांतर घेतलं तर त्याला विचारावं लागेल. मी म्हणेन आईंनी स्वतःच करावं. पात्रं पाच, त्यात पुरुष तीन, तेवढे मंडळातल्या कुणाचे तरी नवरे निघतील. मिनी शिवत असलेली गोधडी मात्र खरी लागेल, अर्धवट शिवलेली, आणि शेवटचे टाके वाकडेतिकडे. बायका ते उसवून नीट घालतात, प्रेक्षकांना दिसायला हवं.